सहा टन

कासोंडेनं जहाज उघडून ठेवलं होतं. पडद्यावर डावीकडे सामानाची यादी आणि उजवीकडे एकच आकडा: एका उडीत किती प्रकाशवर्षं. यादीतलं काही काढलं की आकडा चढे. तोफा गेल्या, ढाल गेली, मालाची कोठारं गेली. खेळातल्या आकाशगंगेच्या पार टोकाला जायचं होतं, दीड महिन्याची मजल. तिकडे लुटायला कोण येतंय? लांबच्या वाटेला उपाशी जहाज बरं, असं सगळेच कप्तान म्हणत.

राहता राहिला चौथा कप्पा. त्यात सहा टनांची एक छोटी होडी होती. दुसरं माणूस सोबत यायचं तर त्याची जागा त्या होडीत, आणि ते दुसरं माणूस म्हणजे बाबा. कितवेच्या तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं काढून, छातीत खोकला घेऊन घरी बसलेले. कासोंडेच्या शेजारी ठेवलेल्या जुन्या संगणकावर ते होडी चालवत, खेळातल्या दगडांजवळ जाऊन तासन् तास बघत आणि म्हणत, "हा कच्चा आहे. ह्याच्यात काही नाही."

कासोंडेनं सकाळीच होडी काढून टाकली होती. आकडा बावन्नवरून चौपन्नवर गेला आणि सव्वीस कप्तानांच्या तक्त्यात तळाशी असलेला कासोंडे चार पायऱ्या वर सरकला. गेला आठवडाभर सगळे त्याच्या जहाजाला बैलगाडी म्हणत होते. बाबांना सांगायचं मात्र राहून गेलं. राहून कसलं गेलं, त्यानं टाळलं.

निघायची वेळ दुपारी तीनची. चारला वीज जाणार होती, म्हणून बाबा गॅरेजवाल्याकडे ट्रकची बॅटरी भरून आणायला गेले होते.

"कासोंडे, तुझी यादी बघतेय," स्पीकरवर नोमवुलाचा आवाज आला. ती बुलावायोची, मोहिमेची म्होरकी. "होडी काढलीस? अरे, मोहिमेच्या यादीत तुझ्या वडिलांचं नाव आहे. सव्वीस जहाजांत दगड कळणारा एकच माणूस, आणि तोच येत नाहीये?"

सगळे कप्तान ऐकत होते.

"तेच नको म्हणाले," कासोंडे म्हणाला. "वय झालं ना. कंटाळा येतो त्यांना."

मागे कोणीतरी खोकलं. बाबा दारात उभे होते. बॅटरी पोटाशी धरलेली, सदरा घामानं भिजलेला. त्यांनी बॅटरी खाली ठेवली, श्वास जमवला आणि माइकपाशी वाकले.

"हो पोरी, मीच नको म्हटलं. डोळे दुखतात माझे. तुम्ही व्हा पुढं."

"बरं बाबा, जपा," नोमवुला म्हणाली. पडद्यावर मोहिमेच्या यादीतून एक नाव गेलं.

कासोंडेनं माइकचं बटण सोडलं. त्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबा खाली बसून बॅटरीच्या तारा जोडत होते.

"माझं किती भरलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"वजन."

"सहा टन."

"ते काढून किती जास्त लांब जातोस?"

"उडीमागे दोन प्रकाशवर्षं."

"मग बरंच की," बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तारा जोडून झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि सामानाच्या यादीवरून बोट फिरवायला लागले. खाणीत त्यांच्या पाळीची रीत होती: खाली उतरण्याआधी आपला दिवा आपण तपासायचा नाही, शेजाऱ्यानं तपासायचा. ती सवय काही गेली नव्हती. चौथ्या कप्प्यावर बोट थांबलं.

"इथं काय बसवणार होतास?"

कासोंडेनं पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताऱ्याजवळून जाताना त्यातलं इंधन ओढून घेणारं एक यंत्र असतं. बाबा त्याला पळी म्हणत. बाबांच्या कप्प्यात मोठी पळी बसवायची म्हणून त्यानं लहान काढली होती आणि तक्त्यात वर चढल्याच्या आनंदात मोठी बसवायलाच विसरला होता. चार उड्यांत टाकी कोरडी पडली असती.

"मोठी पळी," तो पुटपुटला.

"मग बसव. जागा रिकामीच आहे."

"बाबा, होडीच परत घालतो. लहान पळी दुसऱ्या कप्प्यात जाईल, भागेल तिच्यावर. नोमवुलाला सांगतो."

"काय सांगशील?"

बाबांनी क्षणभर वाट पाहिली. मग आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि बाहेर ओसरीवर नेऊन ठेवली. इंधन कुठल्या ताऱ्याचं घ्यायचं आणि कुठल्याचं नाही, ते त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून काढलं होतं. ती शाळकरी वही जुन्या संगणकापाशीच राहिली.

तीनला दोन मिनिटं उरली होती. कासोंडेनं माइकचं बटण दाबलं.

कुंपणापलीकडून शेजारणीचा आवाज आला, "काय हो कासोंडेचे बाबा, बाहेर कसे? महिनाभर सांगत होतात, आज तुमची स्वारी निघणार ना?"

"पोरगा चाललाय," बाबा म्हणाले. "मीच नको म्हटलं. डोळे दुखतात."

बटण दाबलेलंच होतं.

"कासोंडे," स्पीकरवर नोमवुला हळू आवाजात म्हणाली, "बोल. ऐकतोय आम्ही सगळे."