मिलोची भाकर

दुष्काळाच्या साली साखरा गावात अमेरिकेतल्या टेक्सासचा एक धिप्पाड शेतकरी दुष्काळी कामं बघायला आला, आणि शाळेच्या शेषराव मास्तरांनी त्याला जेवायला थेट जनकाबाईच्या ओसरीवर आणून बसवला. घरात रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीशिवाय दुसरा दाणा नव्हता. बाईनं तिच्याच भाकरी थापल्या, वर ठेचा ठेवला.

पाहुणा जेवता जेवता बोलत होता, मास्तर मराठीत सांगत होते. त्याच्या एका राज्यात दोन महाराष्ट्र मावतात. जमिनीतून तेल निघतं. कापूस नजर पोचेल तिथपर्यंत, आणि गुरं तर मोजता येणार नाहीत एवढी. जनकाबाई गालावर हात ठेवून ऐकत राहिली.

मधेच पाहुण्यानं भाकरीचा तुकडा उजेडात धरला आणि हसत काहीतरी बोलला. मास्तरांनी ते मराठीत सांगायचं टाळलं, तशी जनकाबाईनं विचारलं,

"काय म्हणून राहिले ओ?"

"काई न्हाई. भाकर चांगली झाली म्हणतेत."

"एवढं लांबलचक बोलले ते, मास्तर. बराबर सांगा."

मास्तरांनी मान खाली घातली. "ही मिलो त्यायच्याकडलीच हाय. पण तिकडं... गुरायला घालतेत."

पाहुणा बघायला ओसरीवर जमलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. वर्षभर सगळ्यांनी हेच खाल्लं होतं. जनकाबाईनं मात्र पाहुण्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.



"त्यायला सांगा, तुमची गुरं लई गुणाची. आमच्या म्हशीनं तर नुसतं हुंगून तोंड फिरवलं!"