पाठीवरची माती

दोन हजार आठ साली कोल्हापुरात मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं प्रदर्शन भरलं. ग्लोव्हज, प्रोटीनचे डबे बघत बघत आकाराम वस्ताद पृथ्वीराजच्या स्टॉलवर आले. त्यांच्याच तालमीत घडलेला हा गडी आता मुंबईच्या कंपनीसाठी डाव दाखवत होता. “वस्ताद, जरा मॅटवर उताणं झोपा की. पब्लिकला दाखवायचंय.” चाळीस वर्षांत कुठल्याही पैलवानाला त्यांची पाठ मातीला लावता आली नव्हती. तरी पोराचा शब्द मोडवेना. फेटा काढून ते आडवे झाले आणि आता तो हात देऊन उठवेल म्हणून थांबले. तो मात्र छातीवर बसून तोंडापुढं बुक्क्या नाचवू लागला. “आरं, पाठ टेकली की. कुस्ती संपली.” “हितं पाठ टेकल्यावरच सुरू हुतीया, वस्ताद.” लोक हसले. उठून वस्तादांनी हरलेल्या गड्यासारखी पाठ झटकली. माती नव्हतीच. तरी घरापर्यंत झटकत राहिले.