दोन तासांची झोप

चार्टर्ड अकाउंटंट गौरांग तेंडोलकर शिस्त समितीसमोरच्या बाकावर बसून खिशातलं डॉक्टरांचं खोटं सर्टिफिकेट चाचपत होते. परवाना टिकवण्यासाठी दरवर्षी सक्तीच्या असलेल्या व्याख्यानांचे अकरा तास यंदा त्यांनी बुडवले, म्हणून त्यांचं सहीचं पेन बंद पडलं होतं. आता प्रत्येक अकाउंटंटला असंच पेन मिळे. हजेरी लावून चहाला सटकणाऱ्यांना ते भुलत नसे. व्याख्यानात लक्ष किती होतं, तेच मोजत असे.

कामकाज सुरू करण्यासाठी अध्यक्षा वत्सला शेजवलकर नोंदवहीत सही करायला वाकल्या. शाई उतरेना.

"पेन बिघडलं असेल, मॅडम," कारकून म्हणाला. "हे साधं घ्या."

शेजवलकरबाईंनी टोपणावरचा आकडा पाहिला. दोन तास कमी होते.

"मार्चमधलं व्याख्यान," त्या म्हणाल्या. "जेवणानंतर मला झोप लागली होती. पेन बरोबर आहे."

"पण हे कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं की."

खुर्ची उपाध्यक्षांकडे सोपवून त्या खाली आल्या आणि तेंडोलकरांना म्हणाल्या, "जरा सरकता का?" मग बाकावर बसून त्यांनी उपाध्यक्षांना सांगितलं, "माझं प्रकरण आधी घ्या. इतरांना देतो तीच शिक्षा, महिनाभर परवाना बंद."

उपाध्यक्षांनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. मग तेंडोलकरांचं नाव पुकारलं गेलं.

तेंडोलकर उठले. खिशातला हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला.

"मी आजारी नव्हतो," ते म्हणाले. "मला कंटाळा आला होता."