निमूट प्रॉक्सी

“ॲलर्जी कशाचीच नाही,” स्क्रीनकडे बघत डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी नर्सला पेनिसिलिनचं इंजेक्शन भरायला सांगितलं.

“थांबा! बाबांना पेनिसिलिन चालत नाही. मागं इथंच नोंदवलं होतं,” तनुजा ओरडली.

“मॅडम, नोंद असती तर दिसली असती. हे सॉफ्टवेअर कधी चुकत नाही.”

ते सॉफ्टवेअर तनुजानंच लिहिलं होतं. पेशंटच्या नोंदींच्या वतीनं बोलणारा एक प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्राम, तिनं मध्ये बसवला होता. ज्या नावानं माहिती मागाल, त्याच नावानं तो शोधून आणायचा. सापडली नाही, की सुरुवातीला एरर दाखवायचा. डॉक्टर मंडळी वैतागली, तेव्हा कंपनीतल्या साहेबांच्या सांगण्यावरून तिनं त्याला एररऐवजी नुसतं ‘नाही’ म्हणायला शिकवलं. तक्रारी थांबल्या, तिला बढती मिळाली. जुन्या नोंदींत ॲलर्जीला ‘औषधबाधा’ म्हणत, हे मात्र त्याला कुणी सांगितलंच नव्हतं; म्हणून ‘ॲलर्जी’ विचारली, की तो बिनदिक्कत ‘नाही’ म्हणायचा.

“डॉक्टर, हे मीच लिहिलंय. म्हणून सांगते, यावर विश्वास ठेवू नका!” तिनं हात जोडले. डॉक्टर चक्रावले, पण त्यांनी इंजेक्शन बदललं.

बाबा बरे होऊन घरी आले. तनुजानं प्रॉक्सीला दोन्ही नावं शिकवली आणि माहिती सापडली नाही, तर तसं लाल अक्षरांत कबूल करायला लावलं.

आठवड्याभरात त्याच डॉक्टरांचा साहेबांना फोन आला. “तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय हो. सारखं ‘माहीत नाही’ म्हणतं. पूर्वी कसं छान चालायचं!”