बिनमुकुटाच्या गायी

गायींच्या डोक्यावर मुकुट नव्हते.

बुर्गीने दुर्बीण खाली घेतली, टी-शर्टच्या टोकाने तिच्या काचा पुसल्या आणि पुन्हा डोळ्यांना लावली. दरीपलीकडच्या उतारावरून गायी रांगेने खाली येत होत्या. तिच्या घरच्याच, तेवीसच्या तेवीस. डोक्यावर ना हिरव्या फांद्यांचे मुकुट, ना कागदी फुलं. गळ्यात मोठ्या घंटाही नाहीत.

"काय गं, बोलती बंद झाली?" रोपवेच्या मधल्या थांब्यावर बसणारा म्हातारा विन्झेन्झ म्हणाला. दुर्बीण त्याचीच होती. "मगापासून तर तोंडाला विसावा नव्हता."

नव्हताच. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी बुर्गीने काळ्या शिळेवरून सायकल उडवली होती. गावातल्या कुठल्याही मुलीने हे आजवर केलं नव्हतं. शिळेच्या पुढे नुसती हवा. चाक टेकायला लाकडी उतरण आहे, पण ती खाली झाडांच्या आड. सायकलींची वाट आखणाऱ्या ट्रेलवाल्यांनी जुलैत बांधलेली. उडी मारून खाली सुखरूप टेकल्यावर ती एकटीच वेड्यासारखी हसली होती. मग विन्झेन्झचा अर्धा पाव खात तिने त्याला ती उडी चार वेळा ऐकवली होती, दर वेळी थोडी जास्त उंच. आणि मग आठवलं, आज आपल्या गायी उतरणार, बघू तरी कुठवर आल्यात.

विन्झेन्झने दुर्बीण घेतली. बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"कोण गेलं गं तुमच्याकडचं?"

"कोणी नाही. आत्या मुकुट घालायला विसरली असेल."

"विसरतं होय कोणी?"

नाहीच विसरत. उन्हाळा वरच्या कुरणावर सुखरूप गेला तर गायी नवरीसारख्या नटून गावात येतात. एखादी गाय दगावली, नाहीतर घरातलं माणूस गेलं, तर अशा येतात. बोडक्या. आणि गायी तर तेवीस भरल्या होत्या.

आई सकाळी घरी उकडीचे गोळे वळत होती. वर होते फक्त आत्या आणि बाबा. रांगेच्या पुढे आत्या चालत होती, तिचा निळा रुमाल स्पष्ट दिसत होता. रांगेच्या मागे, शेवटच्या गायीच्या शेपटीपाशी, दरवर्षी बाबा असायचे.

तिथे कोणी नव्हतं.

एप्रिलमध्ये बाबांच्या छातीत दुखलं होतं. कुरणावर जाऊ नका, असं डॉक्टर म्हणाले, आईही म्हणाली. "छाती माझी, कुरण माझं," म्हणून बाबा जूनमध्ये हसत वर निघून गेले. कुरणावर फोन लागत नाही. ती वर भेटायला गेली तेव्हा बाबांचा आवाज शेवटचा ऐकला, त्याला नऊ दिवस झाले होते.

आणि खाली चौकात बँडवाले उभे. त्यांच्या शेजारी नवा झगा घालून आई. तासाभरात गायी तिच्यासमोर जाणार. आईला हे असं, सगळ्या गावादेखत कळणार.

त्याआधी आत्याला गाठायला हवं. बुर्गीने हेल्मेटचा पट्टा आवळला.

"जंगलातल्या वाटेने नको गं," विन्झेन्झ म्हणाला. "काल पाऊस झालाय. जरा दमाने घे."

"दम कुठून आणू, विन्झेन्झकाका?"

ती निघाली. हीच वाट तिने शंभरदा उतरली होती. आज प्रत्येक मूळ सापासारखं वाटत होतं. बोटं ब्रेकवरून सुटत नव्हती, आणि ब्रेक दाबला की मागचं चाक चिखलात आडवं होत होतं. शिळेवरून उडताना पोटात जे झालं होतं त्याला ती भीती समजत होती. छे. ती नुसती गंमत होती. भीती ही. डोक्यात एकच, बाबांच्या बुटांचे जोड दाराशी कोण आवरणार. एका वळणावर ती पडली, कोपर सोलवटलं, तशीच उठली. दुखलं की नाही हेही कळलं नाही.

दरीच्या तळाशी, घळीवरच्या लाकडी पुलावर आली तेव्हा वरच्या अंगाला, शिळेच्या पायथ्याकडून, कोणीतरी आपलं नाव घेतल्यासारखं तिला वाटलं. पाण्याचा आवाज असणार. ती थांबली नाही. पलीकडचा चढ तिने सायकल ढकलत, मध्येमध्ये रांगत पार केला आणि गायींच्या वाटेवर येऊन उभी राहिली.

पहिली गाय वळणावरून आली. तिच्या शिंगांना दोर तसेच बांधलेले होते. दोरात हिरव्या काड्या अडकल्या होत्या, लाल कागदाचा एक कपटा फडफडत होता. मुकुट होते तर. आत्ताआत्तापर्यंत होते. कोणीतरी वाटेतच उपटून काढले होते.

म्हणजे वाटेतच झालं. आज. आत्ता.

"आत्या," ती म्हणाली.

झेन्झी आत्याने मान वर केली. तिच्या हातातली काठी गळून पडली. गायी तिला वळसा घालून पुढे जात राहिल्या आणि ती तशीच उभी, तोंड उघडं. मग तिने छातीवर क्रूस काढला, जवळ आली आणि बुर्गीचे गाल, खांदे, सोलवटलेलं कोपर चाचपत राहिली, जशी गाय वासराला हुंगते तशी.

"आत्या, बाबा कुठेत? खरं सांग. माझ्यापासून लपवू नकोस."

"खाली घळीत उतरलाय," आत्या म्हणाली. "समोरच्या शिळेवरून तू खाली गेलीस, ते त्याने बघितलं गं. तुला वर आणायला गेलाय. घोंगडी घेऊन."