ठाण्याची विहीर

जमादाराची बंदूक हरवली आणि धरलं कुणाला, तर पोलीस ठाण्यासमोर विटा वाहणाऱ्या लिंबाजीला. चोरीची केस लागली. लातूर वेगळा जिल्हा झाला, चार साहेब बदलले, पण लिंबाजीच्या तारखा काही संपेनात.

यंदाच्या दुष्काळात ठाण्याची विहीर आटली. दुसरं काम नव्हतं, म्हणून गाळ काढायला लिंबाजीच उतरला. तिसऱ्या दिवशी खोऱ्याला बंदूक लागली. ती उराशी धरून तो धावतच जमादाराकडे गेला.

"तुमच्याच हिरीत सापडली बघा, साहेब! किती डाव सांगितलं, म्या न्हाई चोरली!"

जमादाराने शांतपणे पंचनामा लिहिला आणि त्यावर लिंबाजीचा चिखलाने भरलेला अंगठा घेतला.



‘आरोपीने स्वतः जागा दाखवून चोरलेली बंदूक काढून दिली.’