पोर्चवरचे बूट

ऐक ना अदिती, आधी फक्त ऐक, हसू नकोस! त्या छोट्या गावातला व्हिक्टोरियन फेस्टिव्हल माहितीये ना, जिथे सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून फिरतात? तिथल्या परेडसाठी मी तीन आठवडे थीसिस सोडून गाऊन शिवत होते यार! थ्रिफ्ट स्टोअरमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, जुनाट लेसवाले बूट शोधले, घासून घासून चमकवले, वर बटणंही लावली.

परेडला अर्धा तास होता, म्हणून मी आणि शार्दूल तिथलं एक जुनं, म्युझियम केलेलं घर बघायला गेलो. आणि कुणाच्या दारात गेल्यावर आपण काय करतो? बूट पोर्चवर काढले! बाहेर येऊन बघते तर शार्दूलचे स्पोर्ट्स शूज जागच्या जागी, माझे बूट गायब. पळत परत आत गेले, तर हॉलमध्ये दोरीच्या पलीकडे, नवरीच्या जुन्या पांढऱ्या ड्रेसखाली माझे बूट!

"अगं सांग ना त्यांना, तुझे आहेत म्हणून," शार्दूल मला कोपराने ढोसतोय. आणि घर दाखवणाऱ्या ऐंशीच्या आजी डोळे पुसत सगळ्यांना सांगतायत, "माझ्या पणजीचा हा ड्रेस तीस वर्षं इथे बुटांशिवाय उभा होता. आज कुणीतरी पोर्चवर हे ठेवून गेलं. नावसुद्धा नाही सांगितलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नुसत्या मोज्यांवर उभं राहून मीही वाजवल्या, आणि बाहेर परेडचा बँड सुरू झाला. सांग, तू काय केलं असतंस?